मीम कशास म्हणावे?

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. कारखान्याबरोबर जी वसाहत उभी राहिली, तिच्यात देशाच्या सर्व भागांतून माणसे राहावयास आली. विदर्भातील मराठी कुटुंब, आंध्रातील तेलुगू कुटुंब आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले छत्तीसगढी कुटुंब ही एकाच सेक्टरमध्ये शेजारी शेजारी राहू लागली व सिविक सेंटरच्या बाजारात एकमेकांस भेटू लागली. प्रस्तुत विषयाचा आरंभ अशा वसाहतीपासून करणे सोयीचे आहे. कारण चालीरीती एका घरातून दुसऱ्या घरात कशा जातात हे तेथे सहज पाहावयास मिळते.

असे समजू की, सूर्यग्रहणाचा दिवस आहे. मराठी घरातील आजींनी पितळेच्या परातीत थोडे पाणी घेतले, तीत मुसळ उभे धरले आणि हळूच हात काढून घेतला. मुसळ पडले नाही. "ग्रहण सुटेपर्यंत ते असेच उभे राहील, सूनबाई," असे त्या म्हणाल्या. शेजारच्या तेलुगू गृहिणीने सांगितले की, आमच्याकडेही असेच करतात. फक्त मुसळास आम्ही 'रोकलि' म्हणतो. समोरच्या छत्तीसगढी घरात ही चाल नव्हती. तेथील मुलीने ती पाहिली, आणि पुढील ग्रहणाच्या वेळी आपल्या घरचा 'मूसर' ताटात उभा करून दाखविला.

येथे एका घरातून दुसऱ्या घरात नेमके काय गेले? मुसळ गेले नाही. ते ज्याचे त्याच्या घरी आहे. शब्दही गेला नाही, कारण प्रत्येकाचा शब्द निराळा आहे. परातीच्या जागी ताट आले. तरीही काहीतरी निश्चितपणे गेले. ग्रहणाच्या वेळी, पाण्यात, मुसळ उभे करून पाहावे, ही जी एक लहानशी कृती व तिच्याशी जोडलेली समजूत, तिची प्रत तिसऱ्या घरात तयार झाली. अशा रीतीने माणसापासून माणसाकडे अनुकरणाने जाणाऱ्या आणि जाताना आपली ओळख टिकवून ठेवणाऱ्या घटकास 'मीम' असे नाव आहे.

शब्दाचा इतिहास

हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात प्रथम वापरला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक धातूपासून बनविलेला 'मिमीम' हा शब्द त्याने आखूड केला. हेतू हा की, उच्चारात तो 'जीन' या शब्दाशी जुळावा. जीन, म्हणजे आपण ज्यास जनुक म्हणतो तो आनुवंशिकतेचा घटक, आईबापांकडून संततीकडे जातो. डॉकिन्सचे म्हणणे असे की, उत्क्रांतीस जनुकच पाहिजे असे नाही. ज्याच्या प्रती निघतात, प्रती काढताना ज्यात किंचित फरक पडतो आणि काही प्रती इतरांपेक्षा अधिक टिकतात, अशा कोणत्याही वस्तूची उत्क्रांती होऊ शकेल. गाण्याच्या चाली, लोकांच्या तोंडी बसलेले वाक्प्रयोग, पोशाखाच्या तऱ्हा, मडकी घडविण्याच्या व कमानी बांधण्याच्या पद्धती ही उदाहरणे त्याने दिली आहेत. यशस्वी मीमच्या अंगी तीन गुण असावे लागतात: त्याच्या प्रती पुष्कळ निघाव्या, त्या बऱ्यापैकी अचूक निघाव्या आणि त्या दीर्घकाळ टिकाव्या.

ही कल्पना मराठी वाचकास नवीन वाटू नये. छापखाने नव्हते त्या काळी पोथ्या हातांनी उतरवून घेत. उतरविणाऱ्याच्या हातून एखादा शब्द चुके, एखादी ओळ गळे, आणि त्याच्या प्रतीवरून पुढे निघालेल्या साऱ्या प्रतींत ती चूक उतरे. यालाच आपण पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद शिरल्यामुळे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत तयार केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या व १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हेच तत्त्व उपयोगी पडले. दोन पोथ्यांत एकसारखी शुद्ध ओळ आढळली तर त्यावरून फारसे काही ठरत नाही; परंतु दोहोंत एकच विचित्र चूक आढळली, तर त्या दोघी एकाच जुन्या पोथीच्या वंशातील आहेत असा संशय घ्यावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती आपल्या कामी येणार आहे.

वार्ता आणि मीम

हल्ली मीम या शब्दाने बहुधा मोबाइलवर येणारे, दोन ओळी लिहिलेले विनोदी चित्रच समजले जाते. हा अर्थ चुकीचा नाही, पण फार अरुंद आहे. डॉकिन्सने स्वतः २०१३ साली असे म्हटले होते की, इंटरनेटवरील मीममध्ये होणारे बदल आपोआप होत नसून माणसे ते बुद्ध्या करतात. म्हणजे मूळ कल्पना लोकांनी आपल्या सोयीने पळविली आहे. जेरुसलेम येथील संशोधिका लिमोर शिफमन यांनी २०१४ सालच्या आपल्या पुस्तकात एक उपयुक्त भेद सांगितला आहे. एकच चित्र किंवा एकच बातमी जशीच्या तशी लाखो लोकांपर्यंत पोहोचली, तर ती केवळ वेगाने पसरलेली वस्तू होय. लोक जेव्हा ती पाहून स्वतः तशीच दुसरी वस्तू तयार करतात, एकाचे पाहून दुसरा व दुसऱ्याचे पाहून तिसरा थोडा फेरफार करतो, आणि अशा रीतीने एकमेकांशी नाते असलेल्या वस्तूंचे कुटुंब तयार होते, तेव्हा त्या कुटुंबास मीम म्हणावे.

हा भेद समजण्यास २१ सप्टेंबर १९९५ या दिवसासारखे उदाहरण नाही. त्या गुरुवारी पहाटे दिल्लीतील एका मंदिरात गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता उठली. दूरध्वनीवरून ती काही तासांत देशभर गेली व त्याच दिवशी लंडनसारख्या परदेशी शहरांतही पोहोचली. महाराष्ट्रात तर गणपती घरोघरी आहे. तेव्हा येथे देवळांपुढे रांगा लागल्या आणि घरच्या मूर्तींनाही लोक दूध पाजू लागले, यात नवल नाही. 'मूर्ती दूध पिते' ही नुसती वार्ता होती. परंतु तिच्याबरोबर एक कृतीही गेली: चमचा दुधाने काठोकाठ भरावा, सोंडेला टेकवावा आणि किंचित कलता करावा. ही कृती ज्याने त्याने स्वतः करून पाहिली, आणि ज्याने केली त्याने ती दुसऱ्यास शिकविली. मीम या संज्ञेस पात्र ठरते ती ही कृती.

तिच्यात फसवणूक नव्हती हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. चमच्यातील दूध खरोखरच कमी होत होते. द्रवाच्या पृष्ठभागावर जो ताण असतो त्यामुळे चमच्याच्या काठाशी फुगून राहिलेले दूध दगडास टेकताच त्याच्याकडे ओढले जाते, आणि एकदा धार लागली की, अतिशय पातळ पापुद्र्याच्या रूपाने ते मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या वा ओल्या दगडावर हा पापुद्रा दिसत नाही. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हा प्रयोग केला, तेव्हा रंगाचा ओघळ सर्वांस दिसला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही महाराष्ट्रात हेच समजावून सांगितले. वार्ता लवकरच विझली. मीम मात्र मेले नव्हते. ऑगस्ट २००६ मध्ये दूध पिण्याची गोष्ट अनेक शहरांत पुन्हा उठली. धान्याचे बी कोरड्या मातीत पडून राहते व पाऊस पडताच उगवते, तसा हा प्रकार म्हणता येईल.

मुसळ का उभे राहते, आणि समजूत का टिकते

आता मुसळाकडे वळू. मुसळ उभे राहते, हेही खरेच आहे. मुसळाची लांबी सुमारे ९० सेंटिमीटर व तळाचा व्यास ६ सेंटिमीटर आहे असे धरा. त्याचा गुरुत्वमध्य तळापासून ४५ सेंटिमीटर उंचीवर येईल. या मध्यातून खाली सोडलेला ओळंबा जोपर्यंत तळाच्या आत पडतो, तोपर्यंत मुसळ पडणार नाही; आणि तो तळाच्या बाहेर जाण्यास मुसळ सुमारे चार अंश कलावे लागते. चार अंश म्हणजे थोडे थोडके नव्हे. तळ सपाट असेल, हात स्थिर असेल आणि वारा नसेल, तर मुसळ कोणत्याही दिवशी उभे राहील. कांडून कांडून तळ गोल झालेले मुसळ ग्रहणातही उभे राहणार नाही.

सूर्य व चंद्र एका रेषेत आल्याने त्यांच्या ओढीमुळे मुसळ उभे राहते, असे एक शास्त्रीय वाटणारे स्पष्टीकरण ऐकावयास मिळते. परंतु सूर्य व चंद्र दर अमावास्येस एकाच बाजूस येतात. ग्रहणाच्या दिवशी ते थोडे अधिक नेमके येतात, एवढेच. त्यामुळे ओढीत पडणारा फरक मुसळाच्या दृष्टीने नगण्य आहे. शिवाय काही घरांत चंद्रग्रहणातही मुसळ उभे करतात, आणि त्या वेळी तर सूर्य व चंद्र पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंस असतात.

मग ही समजूत टिकली कशी? उत्तर तिच्या रचनेतच आहे. 'ग्रहणात उभे करून पाहा' असे ती सांगते. इतर दिवशी उभे करून पाहा असे सांगत नाही. म्हणून पाहणारा ग्रहणातच पाहतो, त्यास यश येते, आणि प्रत्येक ग्रहणाबरोबर समजूत बळकट होते. ज्या एका प्रयोगाने तिचा निकाल लागला असता, तो करण्याचे कोणाच्या मनातच येत नाही. वनस्पतींत काट्यांचे जे काम, तेच येथे या मौनाचे आहे.

याच जातीचे दुसरे मीम अंड्याचे आहे. चिनी पंचांगात वसंताचा आरंभ ४ फेब्रुवारीच्या सुमारास येतो, आणि त्या दिवशी कोंबडीचे अंडे टोकावर उभे राहते अशी तेथे जुनी समजूत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४५ साली, चुंगकिंग येथील अमेरिकन बातमीदारांनी हा प्रकार पाहिला व 'लाइफ' या साप्ताहिकात त्यावर लेख आला. हिमकणांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी या विषयावर १९४७ साली एक निबंध लिहिला. अंड्याच्या कवचावर बारीक उंचवटे असतात. त्यांपैकी तीन टेकले की अंड्यास तिवईसारखे पाय मिळतात व धीराने प्रयत्न केल्यास ते वर्षातील कोणत्याही दिवशी उभे राहते, असे त्यांनी दाखविले. तरीही मीम अमेरिकेत रुजले, आणि तेथे त्यात एक मौजेचा बदल झाला. अमेरिकेत वसंताचा आरंभ २० किंवा २१ मार्चला, म्हणजे वसंतसंपाताच्या दिवशी मानतात. म्हणून अंडे उभे राहण्याचा दिवसही फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेला. चीनमध्ये ज्या दिवशी ते उभे राहावयाचे, तो दिवस तेथे कोणाच्या लक्षातही राहिला नाही. आणि तरी अंडी पूर्वीइतक्याच आज्ञाधारकपणे उभी राहिली!

१० फेब्रुवारी २०२० रोजी अंड्याची जागा झाडूने घेतली. पृथ्वीच्या विशिष्ट स्थितीमुळे केवळ त्याच दिवशी झाडू उभा राहील असे 'नासा' या अमेरिकन अंतराळ संस्थेने म्हटले आहे, असा संदेश पसरला. नासाने असे काहीही म्हटलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या एका अंतराळवीराने व एका शास्त्रज्ञ स्त्रीने झाडू पुन्हा उभा करून दाखविला. आजीबाईंच्या शब्दाला जे वजन घरात असते, ते या नव्या मीममध्ये एका शास्त्रीय संस्थेच्या नावास देण्यात आले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शास्त्रप्रेमी मंडळींतील मीम

येथवरची उदाहरणे वाचून एखाद्यास वाटेल की, मीम हा भोळ्या माणसांचा रोग आहे व विज्ञानाची आवड असणारे त्यापासून मुक्त असतात. तसे असते तर बरे झाले असते.

२७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५७ लाख ५८ हजार किलोमीटरांवर आला. गेल्या सुमारे साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. ही वार्ता सर्वथा खरी होती, आणि आकाशनिरीक्षणाची आवड असलेल्यांनी ती आनंदाने एकमेकांस कळविली. इंग्रजीतील एका संदेशात असे म्हटले होते की, दुर्बिणीतून पंचाहत्तर पट मोठा करून पाहिल्यास मंगळ, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. हेही खरे होते, आणि शाळेतील विद्यार्थीही त्याचा पडताळा घेऊ शकेल. त्या रात्री मंगळाच्या बिंबाचा कोनीय व्यास २५ विकला होता. चंद्रबिंबाचा व्यास सुमारे ३१ कला, म्हणजे १८६० विकला असतो. १८६० ला २५ ने भागावे. भागाकार पंचाहत्तरच्या अगदी जवळ येतो.

परंतु त्या संदेशात 'पंचाहत्तर पट मोठा केल्यास' हे शब्द एका परिच्छेदाच्या शेवटी आले होते आणि 'मंगळ पूर्ण चंद्राएवढा दिसेल' हे दुसऱ्याच्या आरंभी. मधे मोकळी ओळ पडली होती. घाईने वाचणाऱ्याने दुसरा परिच्छेद तेवढा वाचला, आणि तोच पुढे धाडला. अट गळली, फळ उरले. पुढे सालही गळले व '२७ ऑगस्ट' एवढीच तारीख राहिली. त्यामुळे हा संदेश दरवर्षी ऑगस्टमध्ये नवा होऊन फिरू लागला. २००५ सालीच नासाला त्याविषयी सावधगिरीचा लेख प्रसिद्ध करावा लागला. तरी पुढे कित्येक वर्षे भारतातही '२७ ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र दिसतील' या रूपात तो येत राहिला. आपल्या पोथ्या उतरविणाऱ्यांची गळलेली ओळ ती हीच. अट गळालेल्या या एकाच पाठावरून पुढील सर्व प्रतींचा वंश ओळखता येतो.

मंगळ चंद्राएवढा दिसण्यास तो किती जवळ यावा लागेल? मंगळाचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून तो चंद्राच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे साडेसात लाख किलोमीटरांवर यावा लागेल. एवढे गणित करण्यास दोन मिनिटे पुरतात. संदेश पुढे धाडण्यास दोन सेकंद पुरतात, आणि मीमच्या जीवनकलहात हा फरक निर्णायक ठरतो.

विनोदी मीमची गोष्ट थोडी निराळी आहे. ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक एर्विन श्रोडिंजर याने १९३५ साली एका बंद पेटीतील मांजराचे काल्पनिक उदाहरण दिले. पुंज यांत्रिकीच्या तत्कालीन अर्थानुसार पेटी उघडेपर्यंत ते मांजर जिवंतही आणि मृतही मानावे लागेल. आज हे मांजर शास्त्र शिकणाऱ्या तरुणांच्या विनोदाचा साचा झाले आहे. निकालाचे पाकीट न उघडलेला विद्यार्थी एकाच वेळी उत्तीर्णही असतो व अनुत्तीर्णही; झाकण न काढलेल्या डब्यातील भाजी आवडतीही असते व नावडतीही. साचा एकच आणि त्यात भरावयाची वस्तू प्रत्येकाची वेगळी, हे मीमचे लक्षण येथे अगदी शुद्ध स्वरूपात दिसते. शिवाय ज्यास मूळ कल्पना ठाऊक नाही त्यास हसू येत नाही. म्हणून असे मीम हे त्या मंडळीच्या सभासदत्वाची खूणही असते. नव्या मुलास विनोद समजला, की तो आपल्यातला झाला असे मानले जाते. परंतु येथेही काही गळले आहेच. श्रोडिंजरने हे मांजर मांडले ते, असा निष्कर्ष किती विलक्षण व अस्वीकार्य आहे हे दाखविण्यासाठी. विनोदात त्याचा आक्षेप गळून तोच त्याचा सिद्धांत होऊन बसला. विनोदाने यात कोणाचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांना पुंज यांत्रिकीची ओळख या मांजरामुळेच झाली असेल.

गळलेला शेवट

काही ठिकाणी मात्र गळलेल्या भागाचे मोल फार जबर असते. पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी आईबापांस जागे करण्यासाठी एक लहान चित्रफीत काढण्यात आली होती. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलास मोटारसायकलवरील माणसे उचलून नेतात. परंतु लगेच परत येऊन त्यास सोडतात आणि मूल पळविण्यास एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवितात. भारतात ही चित्रफीत फिरली ती शेवट कापून. उरले ते मूल उचलून नेण्याचे दृश्य. मुले पळविणारी टोळी आपल्या भागात आली आहे, असा मजकूर तिला जोडला जाई.

२०१८ साली अशा अफवांनी देशाच्या अनेक भागांत माणसांचे बळी घेतले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, भिक्षा मागत फिरणाऱ्या एका भटक्या जमातीतील पाच माणसांना मुले पळविणारी समजून जमावाने ठार मारले. ती माणसे निरपराध होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. मीमच्या भाषेत बोलावयाचे तर, हा उपाय त्याच्या प्रसवक्षमतेवर आहे. खऱ्या संदेशाची गतीही त्याने तितकीच कमी होते. खरे व खोटे निवडण्याचे काम यंत्राने आपल्या अंगावर घेतलेले नाही, आणि ते त्याने घ्यावे की नाही हा वेगळा वाद आहे.

एक आक्षेप

मीमची कल्पना सर्व शास्त्रज्ञांस मान्य आहे असे समजू नये. तिच्या अभ्यासास वाहिलेले एक नियतकालिक १९९७ साली निघाले व २००५ साली बंद पडले. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ दां स्पेर्बर यांनी २००० साली घेतलेला आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्यांच्या मते दोन माणसांच्या वागणुकीत सारखेपणा दिसला म्हणून एकाने दुसऱ्याची प्रत काढली असे ठरत नाही. दुसऱ्याचे हसणे पाहून आपण हसतो. पण हसावे कसे हे आपण त्याच्यापासून शिकलेलो नसतो. ते आपल्या अंगातच असते.

हा आक्षेप आमच्या मते योग्य आहे, आणि त्यामुळेच 'मीम कशास म्हणावे' या प्रश्नाचे उत्तर अधिक रेखीव होते. मुसळ तोल सावरून उभे राहते, हा शोध कोणासही स्वतंत्रपणे लागू शकेल. कांडण थांबवून मुसळ भिंतीशी टेकविताना तो कितीतरी जणींना लागलाही असेल. तेवढ्यास मीम म्हणण्याचे कारण नाही. परंतु ते ग्रहणातच उभे राहते, आणि परातीत पाणी घेतले पाहिजे, हा तपशील कोणी आपल्या बुद्धीने पुन्हा शोधून काढणार नाही; तो दुसऱ्याकडूनच यावा लागतो. दोन पोथ्यांतील समान चुकीप्रमाणे हा अकारण तपशीलच अनुकरणाचा पुरावा होय. भिलाईच्या त्या छत्तीसगढी घरात मूसर नुसता उभा दिसला असता तर आपण काहीच म्हटले नसते. तो ग्रहणाच्या दिवशी पाण्यात उभा दिसला, म्हणून तो शेजाऱ्यांकडून आला असे म्हणता येते.

शास्त्रीय ज्ञानही शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे, पुस्तकाकडून वाचकाकडे प्रतींच्याच रूपाने जाते. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांसारख्या संस्थांचे कार्यही अशा प्रती काढण्याचेच आहे. फरक असा की, शास्त्रीय विधानाबरोबर त्याची अट आणि पडताळा घेण्याची रीत हीही उतरवून घ्यावी लागतात. 'पंचाहत्तर पट मोठा केल्यास' हे शब्द सोबत आहेत तोपर्यंत मंगळाचे विधान शास्त्रात मोडते. वाचकास एखादा आश्चर्यकारक शास्त्रीय संदेश आला, तर तो खरा की खोटा या प्रश्नाच्या आधी एक सोपा प्रश्न विचारता येतो: यातील कोणता भाग वाटेत गळला असेल? साल, ठिकाण, मोजमाप, आणि 'जर' या शब्दाने आरंभ होणारे वाक्य, या चार ठिकाणी प्रथम शोध घ्यावा.

शाळांसाठी प्रयोग

२ ऑगस्ट २०२७ रोजी होणारे सूर्यग्रहण उत्तर आफ्रिका व अरबस्तान येथे खग्रास, आणि भारताच्या पश्चिम भागातून खंडग्रास दिसेल. त्याआधी शाळेने सपाट तळाचे एक मुसळ व सपाट बुडाची एक परात मिळवावी. मुसळाची लांबी व तळाचा व्यास मोजून, ते किती अंश कलल्यास पडेल हे आकृती काढून ठरवावे. नंतर अमावास्या, पौर्णिमा व मधले कोणतेही आठ दिवस मिळून दहा दिवस निवडावे. प्रत्येक दिवशी एकाच विद्यार्थ्याने, दारे-खिडक्या बंद करून, मुसळ उभे करण्याचे वीस प्रयत्न करावे. दहा पाणी घालून व दहा पाण्याशिवाय. किती वेळा यश आले ते दुसऱ्या विद्यार्थ्याने वहीत लिहावे. ग्रहणाच्या दिवशी हेच वीस प्रयत्न पुन्हा करावे. त्या दिवशी सूर्याकडे पाहावयाचे झाल्यास ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्यातूनच पाहावे. काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरण चित्राची फिल्म वापरू नये. आलेले आकडे, यश आलेले व न आलेले दोन्ही, शाळेच्या फलकावर लावावेत, आणि ज्या घरातून मुसळ आणले असेल त्या घरी जाऊन ते प्रथम तेथील आजींना दाखवावेत.